गावात किराणा द्यायचा आहे, पण रांग लावायची नाही. कसं करावं?

डिचोलीची_माई

नमस्कार मंडळी,

आमचं महिला मंडळ गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या मजकुरावरून घरं ओळखली जातील.

यंदा जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) काही घरांना किराणा द्यायचं ठरलंय. पैसे थोडे मंडळाचे, थोडे आखातात असलेल्या गावकऱ्यांचे. पैशांवरून वाद नाही, वाद आहे तो वाटायचं कसं यावर. अर्ध्याजणी म्हणतात, रविवारी देवळाच्या सभामंडपात पिशव्या मांडू, पंचांना (पंचायत सदस्यांना) बोलावू, नावं पुकारू, फोटो काढून देणगीदारांना पाठवू, विषय संपला. बाकीच्या म्हणतात, ज्या घरांसाठी हे सगळं चाललंय ती घरं त्या मंडपात फिरकणारसुद्धा नाहीत. मी या बाकीच्यांतली, हे आधीच सांगते.

आमच्या भागात २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे थोड्याफार सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा मार्चपासून पुन्हा सगळं थंड. ज्यांचे ट्रक होते, गॅरेज होतं, ट्रकवाल्यांसाठी खानावळ होती, ती एके काळी जत्रेला सढळ हाताने देणारी घरं. घर अजून स्लॅबचं आहे, आत काय शिजतं ते शेजारणीला माहीत. त्यातल्या एखादीला नाव पुकारून पिशवी द्यायची, तर ती घेणार नाही. घेतलीच तर दुसऱ्या महिन्यापासून मंडळातही यायची नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा. तत्त्वज्ञान नको, कसं केलं ते सांगा.

माडाखालचा

फोटोचं आधी मिटवा. देणगीदाराला पैसे कुठे गेले ते बघायचं असतं, म्हातारीचा चेहरा नव्हे. दुकानाची बिलं, मालाचा फोटो आणि महिन्याचा हिशेब एका पानावर, एवढं पाठवा. तेच पान देवळाच्या फळ्यावर लावा, किती घरं आणि किती रुपये, नाव एकही नाही.

आणि पंचांना बोलावू नका. बोलावलंत की त्यांचा बॅनर येतो, आणि पंचायतीची निवडणूक जवळ असेल तर पिशवीवरही चेहरा येतो. मग विरोधी पॅनेलला मत देणारी घरं गळालीच.

सांगेकर

+१. बॅनरवाल्या पिशव्या आमच्याकडे पुढे वर्षभर बाजारात दिसत होत्या. कोणाकोणाला मिळाल्या ते अख्ख्या तालुक्याला कळलं.

निवृत्त_पुरवठा

माझी नोकरी नागरी पुरवठ्यात झाली. थोडं लांब लिहितो.

माई, पिशवीत काय घालायचं याच्याही आधी एक काम करा. प्रत्येक घराचं रेशनकार्ड नीट आहे का ते बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला घरामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. हा त्या घराचा हक्क आहे, त्यात कोणाचे उपकार नाहीत. पण होतं काय, सून आली तिचं नाव चढलेलं नसतं, मुलांची नावं राहिलेली असतात, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेलं नसतं. काजूच्या बिया सोलून किंवा आयुष्यभर भात लावून म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, मशीन घेत नाही, आणि ती माणसं दुकानदाराला काही न बोलता परत येतात. खाणीवाल्या घरांचं तर हमखास बघा. कमाईच्या दिवसांत काढलेलं कार्ड असेल तर ते तेव्हाच्याच जास्त उत्पन्नाच्या वर्गात पडून असणार. मंडळातल्या दोघीजणींनी हे कागद मार्गी लावले तर त्या घराला दर महिन्याला जे मिळेल ते तुमच्या तीन महिन्यांच्या पिशवीपेक्षा जास्त भरेल.

आता पिशवी. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम, म्हणजे सहाशेच्या आत उष्मांक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दोन हजार उष्मांकांच्या ताटात धान्य अडीचशे ग्रॅम आणि डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम धरलंय. धान्याचा मोठा भाग बऱ्याच घरांत येतोच, मोठा खड्डा डाळीचा, तेलाचा, भाजीचा आहे. रोजचे ८५ ग्रॅम म्हणजे माणशी महिन्याला अडीच किलो कडधान्य झालं! आणि संस्था काय वाटतात? पुन्हा पाच किलो तांदूळ, एक किलो साखर, चहापूड. तांदूळ स्वस्त, पोतं भरलेलं दिसतं, फोटोत शोभतं.

अवांतर: रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात म्हणून बायका "प्लॅस्टिकचा तांदूळ" समजून ते निवडून फेकतात. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे आहेत ते, साधारण शंभराला एक. टाकू नका म्हणून सांगा.

काणकोणचो

तांदूळ द्यायचाच असेल तर उकडो (उकडा तांदूळ) द्या हो. सुरय (न उकडलेला) द्याल तर घरातली म्हातारी माणसं पेज कशाची करणार? आमच्याकडे एका संस्थेने बासमतीचा तुकडा वाटला होता, सगळा कोंबड्यांना गेला.

वेळसावची

जून आणि जुलै म्हणताय म्हणून लिहिते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, ६१ दिवस. ट्रॉलरवाल्याला फरक पडतो तो पडतोच, पण नुस्तें (मासळी) विकणारी बाई या दोन महिन्यांत पूर्ण रिकामी असते, तिचं नाव कोणाच्याच यादीत नसतं. तुमच्या गावातही टोपली घेऊन येणारी असेल. ती दुसऱ्या गावची म्हणून सोडू नका.

आणि पिशवीत सुके बांगडे नाहीतर गालमो (सुकी बारीक कोळंबी) घाला. पावसासाठी पुरुमेंत, म्हणजे साठवण, करून ठेवायची आपली रीतच आहे, पण ते मे महिन्यात हातात पैसे असतील तर.

डिचोलीची_माई

@वेळसावची, सुकें सभामंडपात ठेवता येणार नाही, हा मंडप नको म्हणायला आणखी एक मुद्दा मिळाला. :-) अंड्यांवरूनही आमच्याकडे चर्चा झाली. काही घरं माळकरी आहेत.

वेळसावची

मग ज्याला हवं त्याला द्या, नको त्याला कुळीथ द्या. सगळ्यांना एकच पिशवी हा हट्ट कशाला?

फोंड्याचा_हिशेबनीस

थोडं कडू लिहितो. मानसन्मान ठीक आहे, पण दुसऱ्याचे पैसे वाटतोय हे विसरू नका. नावं गुप्त, फोटो नाही, चौकशी नाही, मग ज्याचा मुलगा जहाजावर आहे तोही पिशवी नेणार. आमच्या मंडळाने उत्पन्नाचा दाखला मागितला होता. अर्ज आले त्यातले बरेच गळले आणि पैसे वाचले.

माडाखालचा

गळले ते खोटे होते म्हणून गळले, की दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत खेपा घालायला रोजंदारी बुडवणं परवडलं नाही म्हणून?

फोंड्याचा_हिशेबनीस

ते तपासलं नाही. मान्य. पण मग तुमच्याकडे पर्याय काय?

अंगणवाडीवाली

पर्याय आहे. आमच्या पंचायत क्षेत्रात आम्ही तिघीजणी बसतो: मी, आरोग्य उपकेंद्रातली नर्सबाई आणि चर्चच्या बाजूने एक बाय. कुठल्या घरात काय चाललंय ते आम्हाला कामामुळेच माहीत असतं. मूल वजनात मागे पडलं, म्हाताऱ्याने गोळ्या बंद केल्या, गॅस सिलिंडर भरला नाही. घरी जाऊन चौकशी करायची गरजच पडत नाही. तिघींपैकी दोघींनी हो म्हटलं की घर घेतलं. दाखला नाही, अर्ज नाही. आणि ज्याला कोणालाच सांगवत नाही तो आमच्यापैकी एकीला तरी सांगतोच.

एखादा खोटा निघतो. निघू दे. तीन महिन्यांनी आपोआप लक्षात येतं. त्याला पकडायला म्हणून दहा घरांना दारात उभं करून प्रश्न विचारायचे, हे मला पटत नाही.

मात्र मुलांना मध्ये आणू नका. शाळेत पिशव्या देणं सोयीचं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी वर्गात चिडवाचिडवी सुरू होते.

सून_मलबारची

मी लग्नानंतर इकडे आले, माहेर केरळ सीमेजवळचं. २०१५ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात प्रशासन आणि तिथल्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने मिळून ऑपरेशन सुलेमानी सुरू केलं होतं. सरकारी कचेऱ्यांसारख्या ठिकाणी कुपनं ठेवलेली. ज्याला हवं त्याने घ्यायचं, कोणी का म्हणून विचारत नाही. ते कुपन घेऊन ठरलेल्या कुठल्याही हॉटेलात जेवायचं. पैसे हॉटेलांतल्या दानपेट्यांतून. आत बसलेल्यांतला कोण पैसे देऊन जेवतोय आणि कोण कुपनावर, हे शेजारच्या टेबलाला कळत नाही. माई, तुमचा प्रश्न मला तिथेच सुटल्यासारखा वाटतो: माणूस एरवी जिथे जातो तिथेच त्याला जाऊ द्या, आणि गिऱ्हाईक म्हणून जाऊ द्या.

सत्तरीचा_पाव्हणा

सुलेमानी शहराला जमेल. आमच्या गावात भुसारी (किराणा) दुकानं दोन. कुपन घेऊन गेलं की दुकानदार ते गल्ल्यात टाकेल आणि संध्याकाळी तिंठ्यावर बातमी.

माडाखालचा

म्हणून कुपन फक्त गरजूंना द्यायचंच नाही. आम्ही मोरजीच्या बाजूला असं केलं: मंडळाने पन्नास आणि शंभर रुपयांची कुपनं छापली आणि आधी सभासदांनाच विकली. शिक्षक, बँकवाला, मी स्वतः, आम्ही सगळे पैसे देऊन ती घेतो आणि त्याच दुकानांत खर्च करतो. लग्नात आहेर म्हणूनही जातात. त्यामुळे एखादीने कुपन काढलं म्हणजे ती मदत घेते, असा अर्थ निघतच नाही. महिनाअखेर दुकानदार कुपनं आणून देतो आणि पैसे नेतो. त्याला उधारीपेक्षा हे बरं पडतं.

दोन नियम घातले. दारू, तंबाखू नाही, बाकी काहीही घ्या. आणि कुपनाला सुट्टे पैसे परत द्यायचे नाहीत, नाहीतर शंभराचं कुपन देऊन दहाची काडेपेटी आणि नव्वद रोख, हे सुरू होतं.

काणकोणचो

काहीही म्हणजे साबण, सॅनिटरी पॅड, मच्छर कॉइलसुद्धा? मग ते अन्नाचं कसं झालं?

अंगणवाडीवाली

पॅडचे पैसे वाचले की त्याच पैशांत डाळ येते. घरच्या बाईला ठरवू द्या.

निवृत्त_पुरवठा

भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचे गाडे आहेत ना गावोगाव, तिथला दर बाजारापेक्षा कमी असतो. गाडा चालवणारा तयार असेल तर तेच कुपन तिथेही चालवा. पावसात भाजी महागते तेव्हा याचा फरक कळेल.

पोदेराचा_मित्र

पोदेरालाही (पाववाल्यालाही) घ्या. तो रोज पहाटे दारावर येतोच, पाव टाकून जातो. कोणाच्या खात्यावर टाकला ते त्याच्या वहीत. आमच्या वाड्यावर चार म्हाताऱ्यांचा पाव एकजण भरतो, त्या म्हाताऱ्यांना वाटतं पोदेर उधार देतोय. पोदेरही काही बोलत नाही.

फोंड्याचा_हिशेबनीस

हे मात्र मला खटकतं. ज्याला मिळतंय त्यालाच माहीत नाही, आणि डोक्यावर उधारी आहे असं त्याला वाटत राहणार. म्हातारी त्या काळजीने पाव घ्यायचाच बंद करेल. सांगून द्या, एकट्याला सांगा, पण सांगा.

पोदेराचा_मित्र

हं. हा विचार नव्हता केला.

केटरिंगवाला_म्हापसा

लग्नाच्या हंगामात मला दर आठवड्याला फोन येतात, "उरलेलं द्या, आम्ही वाटतो". मी बहुतेक वेळा नाही म्हणतो, आणि लोक मला कंजूस म्हणतात. कारण सांगतो. उरलेलं अन्न वाटण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी, कोणाकडून घेतलं आणि कुठे दिलं याची वही हवी, ताजं वेगळं आणि उरलेलं वेगळं ठेवायला हवं. कागद बाजूला ठेवला तरी ५ ते ६० अंश हा पट्टा अन्नाला वाईट. आपल्या हवेत मे महिन्यात रात्री अकराला बंद केलेला पुलाव सकाळी वाड्यावर पोचतो, तोपर्यंत त्यात काय झालेलं असेल? नारळाचं वाटण घातलेलं तर आणखी लवकर आंबतं.

आणि मानाचा प्रश्न इथेही आहेच. पाहुण्यांच्या ताटातून उरलं ते तुम्हाला, असंच झालं ना ते. गरम डबे आहेत, गाडी तयार आहे, दोन तासांत पोचतंय, तर न वाढलेल्या भांड्यातलं जरूर घ्या. तेवढी तयारी नसेल तर माझ्याकडून कच्चा माल घ्या. तांदूळ, तेल, कांदे-बटाटे मी आनंदाने देईन.

सांगेकर

शिजवून द्यायचंच असेल तर गावातल्या बचत गटाला काम द्या. शाळांचा माध्यान्ह आहार गोव्यात पुष्कळ ठिकाणी बचत गटच करतात, त्यांची भांडी, त्यांचा हात, सगळं तयार आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना कोरडा किराणा देऊन उपयोग नसतो, उभं राहून शिजवणार कोण? त्यांना डबा हवा. आणि गटातल्याही दोन गरजू बायकांना मजुरी मिळते, ती हातात घ्यायला कोणाला लाज वाटत नाही.

सून_मलबारची

डब्याला थोडे पैसे घ्यावेत का? केरळात कुटुंबश्रीच्या बायकांची जनकीय हॉटेलं २० रुपयांत जेवण द्यायची. महाराष्ट्रात शिवभोजन थाळी २०२० मध्ये १० रुपयांना सुरू झाली. पैसे दिले की माणूस ताठ बसून जेवतो, हवं ते मागतो, आमटी पातळ झाली तर बोलतो.

अंगणवाडीवाली

ज्याच्याकडे दहाही नाहीत त्याचं काय? आम्ही डब्याच्या झाकणात ठेवता येतील तेवढे ठेवा म्हणतो, झाकण घरीच उघडतं. कधी पाच, कधी वीस, कधी काही नाही, कधी आंबाडे. हिशेब एकत्र होतो, घरवार नाही.

तक्रारीचं मात्र अगदी खरं. फुकटच्या डब्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, मुकाट्याने कुत्र्याला घालतात. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा विचारतो, काय खाल्लं गेलं नाही? सोया चंक्स त्यामुळेच बंद झाले.

सत्तरीचा_पाव्हणा

एक राहून गेलं. होंडा, पिसुर्लेच्या कारखान्यांत कामाला असलेली कर्नाटक, ओडिशा, झारखंडची माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात. ती गावची धरायची का? आमच्याकडे यावरून मंडळ फुटायची वेळ आली. "आधी आपली घरं" असं म्हणणारे पुष्कळ.

निवृत्त_पुरवठा

त्यांच्या गावाकडचं कार्ड इथल्या दुकानात चालतं. एक देश एक रेशनकार्ड योजना आता सगळ्या राज्यांत आहे. बऱ्याचजणांना ते ठाऊक नसतं, आणि माहीत असलं तरी दुकानदार कधी कधी उडवून लावतो. स्थानिक माणूस सोबत गेला की देतो. मंडळाचा एक पैसाही खर्च होत नाही यात, त्यामुळे "आधी कोण" हा वादच उद्भवत नाही.

माडाखालचा

शिवाय जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोलीत घरं पडली तेव्हा चिखल उपसायला हीच पोरं होती की. आम्ही मतदार कार्ड मागत नाही. या वाड्यावर झोपतो तो या वाड्याचा.

फोंड्याचा_हिशेबनीस

पटतंय असं नाही, पण वाद घालत नाही. त्याच धर्तीवर बांबोळीचं सांगतो. तिथल्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सिंधुदुर्गातून पेशंट येतात, सोबतचे नातेवाईक चार-चार दिवस बाहेर काढतात. तिथे जेवण देणाऱ्या मंडळींचं मला एक आवडलं, पेशंटचं नाव आणि आजार विचारत नाहीत. रांग आहे, पण त्या रांगेत गाडीवाले आणि बसवाले सगळेच असतात, दुपारी एक वाजता भूक सगळ्यांना सारखीच. बेतीच्या गुरुद्वारात लंगरला बसतात तशी पंगत.

डिचोलीची_माई

सगळ्यांना धन्यवाद. काल मंडळाची बैठक झाली, धागा वाचूनच दाखवला.

मंडप रद्द. फोटो रद्द, यावर एकीने बरीच नाराजी धरलीय, तिने देणगीदारांना कबूल केलं होतं. आता ती बिलांचा हिशेब पाठवेल. कुपनं छापतोय, आणि सभासदांनी दरमहा निदान दोनशेची स्वतःसाठी विकत घ्यायची. ट्रकवाल्या घरांपैकी दोघी मंडळातच आहेत, त्यामुळे हे सगळ्यांत सोपं जाईल. दुकानं तीन घेतली, त्यातलं एक शेजारच्या गावातलं, ज्याला आपल्या गावात नको असेल त्याच्यासाठी. एकट्या राहणाऱ्यांचा डबा बचत गटाकडे. तांदूळ शक्यतो नाही, आणि कोणाला लागलाच तर उकडो. (@काणकोणचो, खूश?)

अडलंय ते यादीवर. तिघींची समिती सगळ्यांना पसंत, पण यादी कोणाकडे राहणार? अध्यक्षबाईंचं म्हणणं त्यांच्याकडे. त्यांचे यजमान पंच आहेत.

अंगणवाडीवाली

मग त्यांच्याकडे नको. स्पष्ट सांगता येत नसेल तर नियमच करा की यादी वहीत, एकच प्रत, मोबाइलवर नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. खजिनदाराला फक्त आकडे: घर क्रमांक एक, दोन, तीन. चवथीनंतर वही फाडायची.

केटरिंगवाला_म्हापसा

कुपनांवर मंडळाचं नाव बारीक घाला, "मदत", "सहाय्य" असलं काही छापू नका. आणि चवथीच्या आठवड्यात किंमत वाढवा, गूळ-नारळ-पोहे लागतात, त्या दिवसांत रिकाम्या हाताने राहणं सगळ्यांत जास्त लागतं.

डिचोलीची_माई

वाढवतो. वहीचं उद्या बोलते, भांडण झालं तर इथे येऊन लिहीन. ई-केवायसीसाठी दोघीजणी तयार झाल्यात, कुठल्या दिवशी जावं?

निवृत्त_पुरवठा

धान्य आल्याआल्या जाऊ नका, तेव्हा दुकानात माणसांची झुंबड असते आणि दुकानदार वैतागलेला. गर्दी ओसरल्यावर दुपारी जा. म्हाताऱ्या माणसांचे हात आधी कोमट पाण्याने धुऊन, पुसून न्या. तरीही ठसा उठला नाही तर दुसऱ्या बोटाचा बघा, आणि बुबुळ घेणारं मशीन कुठल्या दुकानात आहे ते तालुक्याच्या पुरवठा कचेरीत विचारून ठेवा.